धसका घेतलेलं मांजर आणि ओली गादी

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय: "आमची चिंगी साडेतीन वर्षांची आहे, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे. जूनमध्ये शिवाजी पेठेतलं जुनं घर सोडून आम्ही इथं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आलो. तिकडं ती परड्यातल्या मातीत जायची. इथं ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी ट्रे ठेवला, त्यात दोन-अडीच महिने नीट गेली. गणपती आले त्या रात्रीपासून बिघडलं. आमच्या गादीवर, मुलाच्या दप्तरावर, एकदा सासूबाईंच्या घडी घातलेल्या लुगड्यावर. बाथरूमच्या जाळीपाशीही दोनदा बसली, बराच वेळ बसून थेंबभरच झाली. दिवसभर पलंगाखाली असते. सासूबाई म्हणतात घर सोडल्याचा राग काढतीय, मार्केट यार्डात सोडून या. मी तिचं नाक घासलं, धपाटे दिले, फिनेलनं पुसते, तरी पुन्हा तिथंच. काय करू?"

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. जाळीपाशी बसली, बराच वेळ बसली, आणि थेंबभर झाली. मी बावीस वर्षं कोल्हापुरात जनावरांचा दवाखाना चालवते. घरात लघवी करणारं मांजर कुणी आणलं की राग, हट्ट, सवय हे सगळं मी नंतर विचारते. आधी विचारते, लघवी किती झाली आणि होताना कशी बसली होती. गादीवर हातभर डाग पडत असेल तर एक गोष्ट, रुपयाएवढे चार थेंब पडत असतील तर दुसरी. चिंगीची मूत्राशयाची आतली बाजू सुजलेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. लघवीला जळजळतंय, पुन्हा पुन्हा कळ येतीय, आणि ट्रेमध्ये बसलं की दुखतं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मग ती दुसरी जागा शोधते. मऊ गादी, नाहीतर गार गुळगुळीत फरशी. जाळीपाशी, बेसिनमध्ये, बाथटबमध्ये बसणारी मांजरं मी पुष्कळ बघितलीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या लघवीत तपासल्यावर रक्त सापडलंय.

म्हणून या आठवड्यात लघवी तपासून घ्या. नमुना घरी घेता येतो. एक स्वच्छ, कोरडा ट्रे घ्या, त्यात माशांच्या टाकीत घालतात ते धुतलेले गुळगुळीत खडे पसरा. खडे लघवी शोषत नाहीत, त्यामुळं खाली साठलेली सिरिंजनं ओढून घेता येते. तासा-दोन तासांत दवाखान्यात पोचवा, तेवढं जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. त्यावरून रक्त, साखर, खडे होण्याचे स्फटिक, लघवीचा दाटपणा हे सगळं कळतं. गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी करतील. तुमच्या मनानं कुठलीही गोळी देऊ नका. विशेषतः पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, आणि माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

इथं वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी बोका असेल तर त्यांनी हा एवढा परिच्छेद तरी लक्षात ठेवा. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. तो पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, खालची जागा चाटतोय आणि थेंबही येत नाही, तर नळी तुंबलेली असू शकते. त्यावर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. एक-दोन दिवसांत विष अंगात भिनून बोका दगावतो. "बद्धकोष्ठ झालंय वाटतं" म्हणून एरंडेल पाजून दुसऱ्या दिवशी आणलेले बोके मी बघितलेत. त्यातले काही वाचले नाहीत. मांजरीत असं तुंबणं क्वचित होतं, त्यामुळं चिंगीच्या बाबतीत तेवढी घाई नाही, पण हयगयही नको.

आता तपासणीत काय निघेल? तरुण मांजरात जंतूंचा संसर्ग कमी वेळा निघतो. बहुतेकदा सूज दिसते, रक्त दिसतं, पण जंतू नाहीत, खडा नाही. या दुखण्याला ठराविक असं कारण सापडत नाही, पण ताणाशी त्याचं घट्ट नातं आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत डॉ. टोनी बफिंग्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून दोन गोष्टी ठळकपणे पुढं आल्या. अशा मांजरांच्या घरातली परिस्थिती सुधारली की दुखण्याचे झटके कमी होतात. दुसरी गोष्ट तुमच्या सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवा. खाण्याची वेळ, रोजची सांभाळणारी माणसं असं काही अचानक बदललं की अगदी धडधाकट मांजरंसुद्धा खाणं कमी करतात, उलट्या करतात, ट्रेच्या बाहेर घाण करतात. तिथं सूड घ्यायला कुणी नव्हतं. अंगावर आलेला ताण पोटातून आणि मूत्राशयातून बाहेर पडत होता.

चिंगीवर काय काय येऊन पडलं ते बघा. शिवाजी पेठेत तिचं परडं होतं. पायाखाली माती, बसायच्या आधी उकरायचं, झाल्यावर झाकायचं, कुणी आलं तर पळायला चार वाटा. जूनमध्ये ते गेलं. मांजर मुळात घराच्या वासावर जगतं. गालाजवळच्या ग्रंथींतून ते दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला, तुमच्या पिंडरीला स्वतःचा वास घासत असतं, आणि तो वास आला की त्याला कळतं, ही जागा आपली आहे. नव्या फ्लॅटमध्ये ताज्या रंगाचा वास, नव्या फर्निचरचा वास, तिचा स्वतःचा कुठंच नाही. तरीही दोन-अडीच महिने ती बिचारी ट्रेमध्ये गेली. म्हणजे ट्रे काय असतो हे तिला कळलेलं आहे. शिकवायचं काही उरलेलं नाही.

मग गणपती आले. राजारामपुरीत पहिल्या दिवशीची आगमनाची मिरवणूक काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. ढोल-ताशे, सिस्टिम, खिडकीची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचा. तुम्ही ट्रे ड्राय बाल्कनीत ठेवलाय. ती बाल्कनी गल्लीच्या बाजूला असणार असा माझा अंदाज आहे. त्या संध्याकाळी चिंगी ट्रेमध्ये बसलेली असताना सिस्टिम सुरू झाली असेल, किंवा जायला निघाली आणि दारातून आवाजाची भिंत अंगावर आली असेल. रात्रभर ती धरून बसली. धरून धरून मूत्राशय ताणलं, सुजलं, आणि शेवटी तुमच्या गादीवर झाली. तेव्हापासून बाल्कनी म्हणजे भीती आणि ट्रे म्हणजे दुखणं, हे दोन्ही तिच्या मनात एकत्र बांधले गेलेत. त्यात शेजारी वॉशिंग मशिन. मशिन कपडे पिळायला लागलं की ट्रेमधली वाळूसुद्धा थरथरते. हात ठेवून बघा एकदा.

गादीवरच का, दप्तरावरच का, असं तुम्हाला वाटत असेल. त्या घरातल्या सगळ्यात जास्त तुमच्या वासाच्या वस्तू त्याच आहेत. घाबरलेलं मांजर जिथं घरच्या माणसांचा वास दाट आहे तिथं जातं आणि आपला वास त्यात मिसळतं. लुगड्याचंही तेच. सासूबाईंवर राग असता तर ती त्यांच्या लुगड्याजवळ फिरकलीही नसती.

म्हणून नाक घासणं आणि धपाटे आजपासून बंद. तुम्ही वैतागून केलं हे मला कळतं, ओली गादी रोज कोण सहन करेल. पण झालेल्या लघवीचा आणि धपाट्याचा संबंध मांजराला लावता येत नाही. तिला एवढंच कळतं की या घरात तुमचा हातसुद्धा भरवशाचा नाही. मग ती तुमच्या नजरेआड, पलंगाखाली, कपाटामागं करायला लागते, आणि तुम्हाला वाटतं ती लबाड झालीय.

फिनेलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडं घरोघरी हीच चूक होते. काळं फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ पांढरी होणारी बरीच जंतुनाशकं फिनॉलच्या जातीची असतात. मांजराच्या यकृतात ही द्रव्यं निकामी करायची यंत्रणा फार कमजोर असते. फरशीवरून चालताना ते पंजाला लागतं, पंजा चाटताना पोटात जातं, आणि लाळ गळणं, तोंडात फोड, थरथर इथपासून यकृत बिघडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. शिवाय फिनेल लघवीचा वास काढत नाही. आपल्या नाकापुरता तो झाकतं, तिच्या नाकाला तो खालून येतच असतो, आणि वर एक परका उग्र वास बसतो, म्हणून ती पुन्हा तिथंच खूण करते. ब्लीचिंग पावडरही नको. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो.

आधी कोरड्या जुन्या कापडानं दाबून दाबून टिपा, घासू नका. मग गार पाणी. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओता, जिथवर लघवी झिरपली तिथवर ते पोचलं पाहिजे, आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत तसंच ठेवा. ते मिळालं नाही तर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर पाण्यात कालवून वापरा आणि नंतर साध्या पाण्यानं दोनदा पुसून घ्या. कापसाची गादी असेल तर खोळ काढून ती भिजवा आणि कापूस पिंजून नवी भरून घ्या. आत मुरलेला वास वरून कितीही धुतलं तरी जात नाही. गादी वाळेपर्यंत बेडरूमचं दार बंद ठेवा. अंधारात फिरवायला एक छोटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेतली तर जुने डाग चमकून दिसतात. तुम्हाला माहीत नसलेल्या दोन-तीन जागा नक्की सापडतील.

आता खरं काम ट्रेचं. तो बाल्कनीतून आजच उचला. फ्लॅटमधली सगळ्यात शांत, आतली खोली तिला द्या, आणि पंधरा दिवस तिचं सगळं तिथंच ठेवा. एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात खाणं आणि पाणी, उंचावर एक फळी किंवा कपाटाच्या वर चढायची सोय, आणि आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. ट्रेजवळ खाणं ठेवू नका, आपणही संडासात जेवत नाही. ट्रे मोठा हवा. दुकानात मिळतात ते बहुतेक ट्रे लहान पडतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ती जेवढी लांब, त्याच्या दीडपट तरी. भांड्यांच्या दुकानातला पसरट प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूनं कड कापून उंबरा खाली आणा, कापलेली धार कानशीनं घासून मऊ करा. झाकणाचा ट्रे नको. घाबरलेल्या मांजराला कोण येतंय ते दिसलं पाहिजे. एका मांजराला दोन ट्रे असावेत असा आमचा नियम आहे, तेव्हा दुसरा हॉलच्या एखाद्या आडोशाला ठेवा.

आणि त्यात काय घालायचं, तर शिवाजी पेठेत जा आणि जुन्या परड्यातली पाटीभर माती घेऊन या. नवीन मालकांना विचारून आणा, मांजरासाठी म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही. दोन दिवस उन्हात कडक वाळवा, चाळा, आणि एका ट्रेमध्ये चार बोटं भरून घाला. दुसऱ्या ट्रेमध्ये बिनवासाची, गोळा होणारी बारीक वाळू. ती कुठं जाते ते बघा. मातीत गेली, आणि माझा तसाच अंदाज आहे, तर दोन आठवडे ते चालू दे. नंतर मूठ मूठ माती कमी करून वाळू वाढवत न्या. महिन्या-दीड महिन्यात बदल पुरा होतो. गुलाबाच्या, लिंबाच्या वासाची वाळू आपल्याला बरी वाटते, मांजराला नाही. घाण दिवसातून दोनदा काढा, आठवड्यातून एकदा ट्रे गरम पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. मांजराच्या विष्ठेतल्या एका परजीवीमुळं पोटातल्या बाळाला धोका असतो. तो परजीवी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, हेही रोजच्या रोज साफ करण्याचं एक कारण आहे.

पाणी वाढवा. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यांना तहान कमी लागते आणि लघवी दाट होते. सुजलेल्या मूत्राशयाला दाट लघवी जास्त झोंबते. नुसते कोरडे दाणे देत असाल तर निम्मं जेवण ओलं करा. उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, कांदा-लसूण न घातलेली, तिचं पाणी वरून, चालेल. आपल्या रश्श्यातलं नको. आणि दूध नको. गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध असलं तरी मोठ्या मांजराला ते पचत नाही, पातळ होतं, आणि मग गादीवर दुसराच त्रास सुरू होतो.

२०१९ चा महापूर ओसरल्यावर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतलं एक कुटुंब मांजर घेऊन आलं होतं. पुरात त्यांनी तिला पोत्यात घालून, डोक्यावर धरून बाहेर काढलं होतं. पाणी उतरलं, चिखल उपसला, भिंती धुतल्या, घरी आले, आणि मांजर रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लघवी करायला लागलं. आजोबा म्हणाले, "एवढं जिवावर उदार होऊन वाचवलं आणि हे बघा." मी त्यांच्या घरी गेले. घरात चिखलाचा आणि ब्लीचिंग पावडरचा वास होता, बाकी काही नाही. तिच्या आयुष्याच्या सगळ्या खुणा पाण्यानं नेल्या होत्या. मी आजोबांना एक मऊ सुती फडकं दिलं आणि सांगितलं, ती मांडीवर असताना हे तिच्या गालावरून, मिशांच्या मागून हळूच फिरवा, आणि मग दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला, उंबऱ्याच्या कडेला तिच्या नाकाच्या उंचीवर टिपा. रोज सकाळी आजोबा खाली बसून ते करायचे. आठव्या दिवशी मांजर त्यांच्या मागून येऊन त्याच चौकटीला स्वतः गाल घासायला लागलं. उंबरा कोरडा राहिला.

तुम्हीही हे करा. जबरदस्तीनं धरून नव्हे, ती आपण होऊन येईल तेव्हा. पलंगाखालून ओढून काढू नका. खोलीत जाऊन नुसतं जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, तिच्याकडं टक लावून बघू नका. संध्याकाळी जेवणाच्या आधी पाच-दहा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसानं खेळवा, आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, झोप हा मांजराचा मूळचा क्रम आहे, तो रोज ठराविक वेळी पुरा झाला की ती निवांत होते. मुलाला हे काम द्या. दप्तर मात्र खुंटीला.

एक गोष्ट बघून ठेवा. ती कधी भिंतीला पाठ करून, उभ्यानं, शेपूट थरथरवत फवारा मारते का? तसं असेल तर ते लघवीला बसणं नसून हद्दीची खूण असते, आणि बहुधा बाहेरचा एखादा बोका जिन्यात किंवा खिडकीसमोर येत असतो. ऑपरेशन झालेल्या मांजरीही थोड्या प्रमाणात असं करतात. खिडकीच्या खालच्या काचेला दुधी कागद चिकटवला, जिन्यातलं कुणी ठेवत असलेलं खाणं हलवलं, की ते थांबतं. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही.

दिवाळी तोंडावर आहे, त्याची मला जास्त काळजी आहे. त्या चार दिवसांत ती आतल्याच खोलीत हवी, खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा चालू, खोक्यात तुमची न धुतलेली साडी अंथरलेली. लघवीच्या तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांना फटाक्यांबद्दल विचारा. अशा दिवसांपुरती, आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची भीती कमी करणारी औषधं असतात. महिना-दीड महिना हे सगळं नेटानं करूनही फरक पडला नाही तर रोजच्या औषधाचाही विचार करता येतो. त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात आणि ते मधेच बंद करायचं नसतं. पण ट्रे बाल्कनीत आणि हातात चप्पल असताना कुठलंही औषध लागू पडत नाही.

आता सासूबाईंचं. आजी, तुमचं लुगडं खराब झालं, वाईट वाटणारच. पण मार्केट यार्डात सोडलेलं घरातलं मांजर तिथल्या कुत्र्यांपुढं आणि ट्रकांपुढं फार दिवस टिकत नाही, आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं असं विनाकारण सोडून देणं गुन्हाही आहे. तुम्हीही आयुष्यभराचं घर सोडून जूनमध्ये इथं आलात. तुम्हाला अजून पहाटे जाग आली की क्षणभर कुठं आहोत ते कळत नसेल. तिचं तसंच चाललंय. तिच्या खोलीत दुपारी जप करत बसलात तर तुमच्या संथ आवाजाचा तिला फार उपयोग होईल, हे मी मनापासून सांगते.

ताई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करत चला, ट्रेमध्ये किती वेळा, बाहेर किती वेळा, डाग केवढा. दवाखान्यात येताना ते पान फाडून आणा, त्यावरून मला पंधरा प्रश्नांची उत्तरं मिळतात. आणि तिला पिशवीत कोंबून आणू नका. कॅरिअर आजच माळ्यावरून काढा, झाकण काढून तिच्या खोलीत ठेवा, आत तिची जुनी चादर घाला आणि रोज दोन दाणे टाका. ती आपण होऊन आत झोपायला लागली की मग या. सकाळी दहाच्या आत आलात तर बाहेर कुत्री नसतात.